पर्मनंट नोकरी सोडून ब्युरोची ड्युटी: नर्सेस हा रस्ता का धरताहेत?

सुजाता_आयसीयू

मी जीएनएम आहे, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली नर्स. पुण्यात एका मोठ्या खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत काम केलं, आता नोकरी सोडून ब्युरोमार्फत (नर्स पुरवणारी एजन्सी) आणि एका ॲपवरून ड्युट्या घेते. कधी घरची केस असते: ट्रॅकिओस्टॉमी (श्वासासाठी गळ्याला छिद्र) झालेला पेशंट, राइल्स ट्यूब (नाकातून पोटात घातलेली नळी), अर्धांगवायूनंतर अंथरुणाला खिळलेले आजोबा. कधी एखाद्या नर्सिंग होममध्ये स्टाफ कमी पडतो म्हणून एका रात्रीपुरतं बोलावणं येतं. माझ्या बॅचच्या कितीतरी मुली आता असंच काम करतात.

याबद्दल बाहेरची माणसं बोलतात तेव्हा दोन वाक्यं हमखास येतात. ‘हल्लीच्या मुलींना बांधून घ्यायला नको’ आणि ‘घरच्या केसला पैसा रग्गड’. दोन्ही ऐकून वाईट वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते.

पैशांचं आधी सांगून टाकते. लागले तेव्हा हातात १४,००० येत होते. सोडलं तेव्हा २१,५००, तेही आयसीयूचा अनुभव धरून. त्यातून कॉट बेसिसचं भाडं, डबा, घरी पाठवायचे. आता घरच्या क्रिटिकल केसला बारा तासांचे मला १,४०० मिळतात. केस महिनाभर चालली तर पगारापेक्षा बरेच जास्त होतात. पण पेशंट ॲडमिट झाला किंवा गेला की काम त्याच दिवशी संपतं, आणि पुढची केस लागेपर्यंत हात रिकामे. वर्षाचा हिशोब केला तर फरक आहे, पण लोकांना वाटतो तेवढा नाही. नुसत्या पैशांसाठी मी आयसीयू सोडलं नसतं.

सोडलं ते ड्युटी चार्टमुळे. पुढच्या आठवड्याचा चार्ट आदल्या शनिवारी संध्याकाळी लागायचा. सकाळची आठ ते दोन, दुपारची दोन ते आठ, रात्रीची आठ ते आठ. रिलीव्हर आली नाही की डबल. लागलेला ऑफ सकाळी फोन करून रद्द. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तेव्हा तारीख डॉक्टरांच्या सोयीने नाही, माझ्या चार्टच्या सोयीने घ्यावी लागली. स्वतःच्या आयुष्यातला पुढचा मंगळवार आपला आहे की नाही हे माहीत नसणं, वर्षानुवर्षं, हे माणसाला आतून थकवतं.

आणि एक गोष्ट जी मी कुठेच वाचलेली नाही. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे: शिकवणीच्या रुग्णालयात तीन पेशंटमागे एक नर्स, सामान्य रुग्णालयात पाचामागे एक, व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला एकास एक. माझ्याकडे दोन व्हेंटिलेटर आणि एक ताजा पोस्ट-ऑप (नुकतंच ऑपरेशन झालेला) अशी नाईट असायची. दर दोन तासांनी कूस बदलायची हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. तीन पेशंट, औषधं, सक्शन (कफ ओढून काढणं), एबीजी (रक्तातल्या वायूंची तपासणी), वर फायलीचं लिखाण, यात ते होत नाही. मग बेडसोअर (पडून राहून होणारी जखम) होतो. आणि मेमो सिस्टरला मिळतो.

घरच्या केसला एकच पेशंट असतो. दोन तासांनी कूस बदलता येते, तोंडाची स्वच्छता नीट करता येते, ट्यूबचं फीड सावकाश देता येतं, मुलीला सक्शन कसं करायचं ते समोर बसून शिकवता येतं. मला शिकवलेलं नर्सिंग मला करायला मिळतंय ते इथे. हॉस्पिटल सोडण्याचं माझं सगळ्यात मोठं कारण हे आहे, आणि याचं मला अजूनही दुःख आहे, कारण आयसीयू मला मनापासून आवडायचं.

किंमतही मोजते आहे. ताप आला तर पैसे नाहीत. पीएफ नाही, ईएसआय (कर्मचाऱ्यांचा आरोग्य विमा) नाही, बाळंतपणाची रजा नाही. अनोळखी घरात रात्र काढायची असते. तुम्ही यातले असाल तर तुमचं कारण काय होतं ते लिहा. नर्सच हवी असं नाही. फिजिओ, लॅबवाले, आरएमओ (हॉस्पिटलचे ड्युटी डॉक्टर), सगळे लिहा.

मनीषा_लातूर

सुजाताताई, तुम्ही विचार करून निर्णय घेतलात. माझ्या बाबतीत ‘निवडलं’ म्हणता येत नाही.

लातूरहून जीएनएम करून पुण्याला आले. जिथे लागले तिथे पहिल्याच दिवशी दोन वर्षांचा बॉण्ड आणि ओरिजिनल सर्टिफिकेटं जमा. कॉलेजची फी भरायला वडिलांनी शेत गहाण टाकलेलं, त्यामुळे सही करताना दुसरा विचारच आला नाही. सव्वा वर्षाने आजारी पडले आणि घरी गेले, तर ‘बॉण्ड मोडला, पैसे भरा मग कागद घ्या’. कागद मिळवायला नऊ महिने गेले. अनुभवाचं पत्र मिळालंच नाही.

अनुभवाच्या पत्राशिवाय दुसरं मोठं हॉस्पिटल उभं करत नाही. ब्युरोवाल्या मॅडमनी फक्त कौन्सिलचं रजिस्ट्रेशन बघितलं आणि संध्याकाळी केसवर पाठवलं. म्हणून मी ब्युरोला. बाकी काही नाही.

आता अडचण अशी की आखातात जायचं मनात आहे. तिथे डेटाफ्लोची पडताळणी असते, ते हॉस्पिटलला थेट विचारतात की ही मुलगी तुमच्याकडे होती का. घरच्या केसेसचा अनुभव त्यात धरत नाहीत. म्हणजे मी जितकी वर्षं ब्युरोला राहीन तितकी बाहेर जायची वाट लांब होत जाणार. नवीन मुलींनी हे आधीच लक्षात घ्यावं.

प्रतीक_फिजिओ

आमच्याकडे तर ही रीतच आहे. साडेचार वर्षांचा बीपीटीएच (फिजिओथेरपीची पदवी), इंटर्नशिप धरून, आणि हॉस्पिटलमध्ये सुरुवातीला मला १५,००० सांगितले. त्याच शहरात घरी जाऊन एका सेशनचे ५०० ते ७०० मिळतात. गुडघा बदललेले आजी-आजोबा, स्ट्रोकचे पेशंट. दिवसाला पाच घरं केली की हिशोब कळतोच.

लोक धरत नाहीत ती गोष्ट म्हणजे मधला वेळ. कोथरूडहून खराडी, खराडीहून औंध. त्या वेळेचे पैसे कोणी देत नाही, पेट्रोल आपलं. पाऊस असला की दोन पेशंट ‘आज नको’ म्हणतात. म्हणून मी ॲप सोडलं आणि एका ऑर्थोपेडिक सर्जनच्या पेशंटपुरतं, एकाच भागात काम ठेवलं. ॲपवर असताना पुढचा पेशंट कुठल्या टोकाला आहे हे माझ्या हातात नव्हतं, आता आहे. कमाई थोडी कमी आहे, पण संध्याकाळी सातनंतर मी घरी असतो.

वॉर्डइन्चार्ज

मी बरीच वर्षं मेडिसिन वॉर्डची इन्चार्ज आहे. सुजाता, तुझा चार्टचा राग मला समजतो, कारण असे चार्ट मीच लावते. पण दुसरी बाजू लिहिल्याशिवाय राहवत नाही.

ब्युरोची मुलगी एका रात्रीसाठी येते तेव्हा तिला क्रॅश कार्ट (तातडीच्या औषधांची ट्रॉली) कुठे आहे ते माहीत नसतं. कुठल्या डॉक्टरला रात्री दोनला उठवलं तर चालतं आणि कुणाला आधी रजिस्ट्रारमार्फत कळवायचं, हे माहीत नसतं. १२ नंबरच्या पेशंटला कालपासून थोडं गुंगल्यासारखं वाटतंय हे कागदावर नसतं, ते रोज बघणाऱ्या नजरेलाच दिसतं. त्या रात्री माझी कायमची सिस्टर स्वतःचे पेशंट सांभाळून तिला सगळं दाखवत बसते. आणि दोघींच्या पैशांत फरक असला की वॉर्डात कुरबुर सुरू होते. मग माझी कायमचीच विचारते, मी का नाही जात? अशा चांगल्या मुली माझ्या डोळ्यांदेखत गेल्या.

मी पाच पोस्ट मागितल्या होत्या. मॅनेजमेंटने दोन भरल्या आणि बाकीचं ब्युरोवर चालवा म्हणाले, कारण वॉर्ड भरलेला असतो तेव्हाच पैसे द्यावे लागतात. म्हणजे नर्सेस हा रस्ता धरतात एवढंच म्हणून चालणार नाही. हॉस्पिटलांनीही तो धरलाय.

सुजाता_आयसीयू

सिस्टर, तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. एका रात्रीच्या ड्युटीला मी गेले की पहिला अर्धा तास मी कपाटं उघडून बघते: ॲम्बू बॅग (हाताने श्वास देण्याची पिशवी) कुठे, सक्शन चालू आहे का, ॲड्रेनॅलिनची एक्स्पायरी काय. कोणी सांगत नाही, आपणच बघायचं. नवीन मुलींना हे शिकवणारं ब्युरोत कोणी नाही, आणि मला त्याची फार काळजी वाटते.

मनीषा, सर्टिफिकेटं अडकवण्याबद्दल इथले वकील लिहितील अशी आशा आहे.

भूलभुलैया

मी भूलतज्ज्ञ आहे, नाशिकला. आमच्यातले बरेचजण ॲप हा शब्द यायच्या कितीतरी आधीपासून हेच करत आलेत. दहा-पंधरा खाटांच्या नर्सिंग होमला पूर्ण वेळ भूलतज्ज्ञ परवडत नाही, मग सर्जन फोन करतो, आपण बॅग घेऊन जातो, केस करतो, पुढच्या ठिकाणी. सकाळी सिझर, दुपारी हर्निया, रात्री अपेंडिक्स. मुलगी लहान होती तेव्हा मी फक्त सकाळच्या ठरलेल्या केसेस घेत होते, रात्रीचे फोन घेत नव्हते. कुठल्याही नोकरीने मला ही मुभा दिली नसती.

त्रास आहेत. पेशंट टेबलावर घेतल्यावर कळतं की पोट रिकामं नाही किंवा शुगर तपासलेलीच नाही. पैसे दोन-दोन महिने थकतात. इन्डेम्निटी विमा आपला आपण भरायचा. पण तरीही हे काम मला पटतं, आणि का पटतं याचा मी या धाग्यामुळे पुन्हा विचार केला. दर मी सांगते. जिथे मॉनिटर नीट नाही तिथे मी जात नाही, आणि ‘नाही’ म्हटलं तरी उद्या दुसऱ्याचा फोन येतो. शहरात भूलतज्ज्ञ कमी आहेत म्हणून हे जमतं.

सुजाताच्या १,४०० मध्ये तिचा शब्द कुठेच नाही. घरच्यांनी ब्युरोला किती दिले ते तिला माहीत असेलच असं नाही. एखादी केस नाकारली तर पुढचे चार दिवस फोन येणार नाही ही भीती आहे. माझं काम आणि तिचं काम बाहेरून एकसारखंच दिसतं: दोघी सुट्या, दोघी फोनवर. पण ‘नाही’ म्हणण्याची किंमत मला जवळजवळ काहीच मोजावी लागत नाही आणि तिला पोटाने मोजावी लागते. ‘स्वातंत्र्य मिळतं म्हणून निवडलं’ असं म्हणताना हा फरक आधी बघायला हवा.

मनीषा_लातूर

डॉक्टर मॅडम, अगदी हेच. एकदा एका घरी पेशंटचा मुलगा रात्री वारंवार खोलीत येऊन बसायचा. दुसऱ्या दिवशी केस सोडते म्हटलं तर ब्युरोवाल्या म्हणाल्या, ‘तुला फार नखरे आहेत’. त्यानंतर दोन आठवडे केस नाही.

शिरीष_ठाणे

पेशंटच्या घरचा म्हणून लिहितो. वडिलांना सहा महिने घरी नर्स होती. आम्ही कंपनीला बारा तासांचे २,१०० भरत होतो. एकदा सिस्टर जेवताना सहज म्हणाल्या की त्यांना १,३०० मिळतात. आम्हाला धक्का बसला. ८०० रुपये कशाचे? मधे दोनदा सिस्टर बदलल्या, दोन्ही वेळा ट्यूब कशी बसवलीय, वडिलांना कशाने ठसका लागतो, हे आम्हीच समजावून सांगितलं. वडिलांना नवीन चेहरा दिसला की ते जेवायचे नाहीत. त्यामुळे वॉर्डइन्चार्ज सिस्टर म्हणतात ते घरीही तितकंच खरं आहे.

प्रश्न: सिस्टरना थेट ठेवलं तर? करारात ‘थेट ठेवल्यास दंड’ असं लिहिलेलं होतं म्हणून आम्ही घाबरलो.

सुजाता_आयसीयू

शिरीषदादा, थेट ठेवलं तर त्या सिस्टरला पैसे जास्त मिळतील हे खरं. पण ती आजारी पडली तर बदली माणूस कोण देणार, आणि तुमच्याशी काही वाद झाला तर तिच्या बाजूने कोण बोलणार, हे दोन प्रश्न उरतात. चांगल्या कंपनीने ८०० रुपयांत नेमकं हेच करायचं असतं: पडताळणी, बदली, रात्री-अपरात्री फोन उचलणारं माणूस. करत असेल तर मला ८०० जड वाटत नाहीत. माझ्या अनुभवात फोन कोणी उचलत नाही.

सॅम्पलवाला

डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियन. सकाळी सहा ते दहा घरोघरी ब्लड कलेक्शन, एका व्हिजिटमागे पैसे. सगळ्यांना उपाशीपोटी द्यायचं असतं म्हणून सगळ्यांना सातचीच वेळ हवी. एकाची शीर सापडायला वेळ लागला की पुढचे तिघे चिडतात आणि स्टार कमी देतात. स्टार कमी झाले की दुसऱ्या दिवशी कामं कमी. शीर घाईत शोधायची नसते हे ॲपला कोण सांगणार?

तरी करतो, कारण दहानंतर मी मोकळा असतो आणि दुपारी एका लॅबमध्ये पार्ट टाइम आहे. दोन्ही मिळून घर चालतं. एकट्या कुठल्याच कामावर चालत नाही.

आरएमओ_नाईट

बीएएमएस. आठवड्याला चार नाईट, दोन वेगवेगळ्या हॉस्पिटलांत, दिवसा स्वतःचा छोटा दवाखाना. दवाखान्याचं भाडं नाईटमधून निघतं. हा माझा स्वतःचा निर्णय आहे आणि मला तो मान्य आहे. पण चाळिशीनंतर रात्री जागणं झेपेल का, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

अपूर्वा_लीड्स

मी मूळची सोलापूरची, आता इंग्लंडमध्ये एनएचएसमध्ये (इथली सरकारी आरोग्यसेवा) बॅण्ड ५ (पगाराची एक श्रेणी) नर्स आहे. इथे याच कामाला ‘बँक’ म्हणतात. ट्रस्टची (हॉस्पिटलं चालवणाऱ्या एनएचएसच्या संस्थेची) स्वतःची यादी असते, तुम्ही मोबाइलवर शिफ्ट निवडता. एजन्सी वेगळी, ती बाहेरची, तिचे दर जास्त. एजन्सीवरचा खर्च इतका वाढला की नोव्हेंबर २०१५ पासून इंग्लंडमध्ये दरांवर मर्यादा घातली गेली.

महत्त्वाचा फरक हा की बँकेच्या शिफ्टला दर बॅण्डप्रमाणे ठरलेला असतो, कामाच्या तासांबरोबर रजेचे पैसे जमतात, आणि एनएचएसच्या पेन्शनमध्ये राहता येतं. म्हणजे शिफ्ट सुटी असली तरी हक्क सुटत नाहीत. इथेही लोक थकलेले आहेत, मीही थकते, साडेबारा तासांचा लाँग डे सोपा नसतो. वरून ज्यांचा व्हिसा नोकरीला बांधलेला आहे त्यांना दुसऱ्या मालकाकडे आठवड्याला २० तासांपलीकडे जाता येत नाही. मुळात आमची नोकरी गेली तर व्हिसाही जातो, त्यामुळे पूर्ण सुटं काम हा आमच्यासाठी पर्यायच नाही. माझ्या वॉर्डातल्या इंग्लिश मैत्रिणी कायमची पोस्ट सोडून बँकेवर गेल्या, मी तसं करू शकत नाही.

चार्टबद्दल: माझ्या वॉर्डात रोस्टर सहा आठवडे आधी येतो आणि त्याआधी आपण आपल्या पसंतीच्या शिफ्ट स्वतः भरतो. इन्चार्ज नंतर जुळवाजुळव करते. सगळं मनासारखं मिळत नाही, पण मुलाच्या शाळेचा कार्यक्रम कधी चुकला नाही. एप्रिल २०२४ पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून लवचीक वेळ मागण्याचा हक्क कायद्याने आहे. नाकारता येतो, पण कारण द्यावं लागतं.

कामगार_वकील

उशिरा आलो, एकेक घेतो.

ओरिजिनल सर्टिफिकेटं: कुठल्याही हॉस्पिटलला ती अडकवून ठेवण्याचा अधिकार नाही. भारतीय परिचर्या परिषदेने नर्सेसची बॉण्डची पद्धत बंद करायला सांगितलेली आहे. पुढच्या वेळी मूळ प्रत देऊ नका, साक्षांकित प्रत द्या. अडकवलीच तर लेखी मागणी करा, पोच घ्या. तोंडी मागणीचा पुरावा राहत नाही.

पगार: सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये ट्रेन्ड नर्सेस असोसिएशनच्या याचिकेवर केंद्राला समिती नेमायला सांगितलं. त्या समितीने शिफारस केली: २०० हून जास्त खाटा असतील तर राज्य सरकारी नर्सइतकाच पगार, १०० हून जास्त असतील तर फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांना फार तर २५ टक्के कमी, आणि ५० खाटांखाली किमान २०,०००. आता सुजाताचा शेवटचा पगार आणि तिचं ‘मोठं’ हॉस्पिटल बघा. ही शिफारस आहे, राज्यांनी अंमलात आणायची. दहा वर्षं होत आली, आणि नर्सेस ब्युरोकडे का जातात याचं उत्तर शोधताना मला आधी हा कागद आठवतो.

सामाजिक सुरक्षा संहिता, २०२०: ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. गिग कामगार आणि प्लॅटफॉर्म कामगार हे शब्द कायद्यात पहिल्यांदा आले. ज्या व्यवसायांतल्या ॲप कंपन्यांनी कामगार निधीत पैसे भरायचे आहेत त्यांची यादी सातव्या अनुसूचीत आहे, आणि त्यात आरोग्यसेवा स्पष्ट लिहिलेली आहे. वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के, कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांच्या आत. पण ही तरतूद डिजिटल मध्यस्थासाठी आहे. वहीवर आणि फोनवर चालणारा आपला नेहमीचा ब्युरो त्यात बसवणं कठीण. सुजाता ॲपवरच्या ड्युटीला त्यात येईल, आणि त्याच आठवड्यात ब्युरोच्या ड्युटीला येणार नाही. ही मोठी फट आहे.

मनीषा, तू लिहिलंस ते फार गंभीर आहे. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात ‘कामाचं ठिकाण’ म्हणजे राहतं घरही येतं. ब्युरोत दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. ‘घरच्या केसला कायदा नाही’ असं कोणी सांगितलं तर मानू नकोस.

मनीषा_लातूर

हे मला आजपर्यंत कोणीच सांगितलं नव्हतं. आमच्या ग्रुपवर टाकते.

एनएचएम_विदर्भ

खासगीबद्दल सगळे लिहितात म्हणून आमचंही नोंदवतो. राष्ट्रीय आरोग्य अभियानात आम्ही कंत्राटी. काम सरकारी, नेमणूक काही महिन्यांची, मग मधे खंड, मग पुन्हा. २०२३ च्या शेवटी महिनाभराहून जास्त संप केला. १४ मार्च २०२४ ला कायम सेवेत समायोजनाचा शासन निर्णय निघाला. अंमलबजावणी होईना म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा संपावर. माझ्याबरोबरची एक लॅब टेक्निशियन या वाट बघण्याला कंटाळून नागपूरला खासगी कलेक्शनचं काम करू लागली. तिचं म्हणणं, ‘इथेही उद्याचं माहीत नाही, तिथेही नाही, निदान तिथे पैसे वेळेवर येतात’. मला तिला थांबवता आलं नाही. कायम नोकरीत कायम काही उरलंच नसेल तर माणूस रोजचं काम का घेणार नाही?

वॉर्डइन्चार्ज

अपूर्वाचा प्रतिसाद वाचून परवा मेट्रनशी बोलले. पुढच्या महिन्यापासून माझ्या वॉर्डात चार्ट लावण्याआधी मुलींनी स्वतःचे दोन ऑफ लिहून द्यायचे आणि मी ते मोडायचे नाहीत, एवढं त्यांनी मान्य केलंय. चार्टही पंधरा दिवस आधी लावायचा. माणसं तेवढीच आहेत, त्यामुळे रिलीव्हर न आल्यावर काय करायचं हा प्रश्न तसाच आहे.

सुजाता, तुला एक सरळ विचारते. आठवड्याला तीनच दिवस, ठरलेले, पगार त्या प्रमाणात, पण पीएफ आणि रजेसकट, अशी पोस्ट असती तर आली असतीस परत?

सुजाता_आयसीयू

हो. तीन नाईट ठरलेल्या द्या, दोन पेशंटच्या वर देऊ नका, उद्या येते. बाकीच्या दिवसांत एखादी घरची केस घेईन, कारण तेही काम मला आवडायला लागलंय.

वॉर्डइन्चार्ज

मी हेच एचआरला विचारलं होतं. ‘पॉलिसीत अशी कॅटेगरी नाही, आणि पार्ट टाइमला पीएफ लागू होत नाही’ असं उत्तर आलं.

कामगार_वकील

दुसरं वाक्य चूक आहे. २० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पार्ट टाइम कर्मचारीही पीएफच्या कक्षेत येतो. पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयही, तिथे दहा कर्मचारी पुरतात. नियुक्तिपत्र देणं तर आता प्रत्येक कर्मचाऱ्यासाठी बंधनकारक आहे. पॉलिसीत कॅटेगरी नाही हा हॉस्पिटलचा निर्णय आहे, कायदा त्यांना अडवत नाही.

वॉर्डइन्चार्ज

हे मला एका पानावर, कलमांसकट लिहून द्याल का? बुधवारी मीटिंग आहे, मेट्रनसोबत घेऊन जाते. भूलतज्ज्ञ मॅडम, तुमच्याकडे कुठल्या नर्सिंग होमने असं काही केलं असेल तर तेही कळवा.

कामगार_वकील

सोमवारपर्यंत व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. तीन दिवसांच्या पोस्टच्या नियुक्तिपत्राचा मसुदाही सोबत जोडतो.